तेवीस किलो

दशलक्षण संपलं, उपास सुटले,
आणि त्रिशलानं पुण्याहून यादी पाठवली:
दुपारी ऊन, संध्याकाळी वारा,
रात्री डेकवर गारवा. कपडे थरांचे घ्या.
थरांचे म्हणजे कसे गं?
कांद्यासारखे, आई.
आमच्या घरात कांदा येत नाही,
सासरी जाऊन विसरली वाटतं.

चार दिवस बॅग पलंगावर आ वासून पडलीय.
भूपालरावांचे शर्ट तीनदा धुतले
तरी गुळाचा वास निघत नाही.
पस्तीस वर्षं मार्केट यार्डात
रव्याला बोट लावून रंग बघत उभे राहिलेले शर्ट ते.
ह्यांच्या मागावर मुंग्या शाहूपुरीतून निघतील
आणि आमच्या आधी नेपल्सला पोचतील.

त्यांनी स्वतः ठेवलेले कपडे: दोन स्वेटर, मफलर, माकडटोपी.
सप्टेंबरात तिकडं एवढी थंडी नसते हो.
तुला काय ठाऊक?
ठाऊक मलाही नाही, त्यांनाही नाही.
दोघांनी मिळून समुद्र पाहिला तो गणपतीपुळ्याचा,
पावणेदोन तास,
ड्रायव्हरला अंधाराआधी आंबा घाट चढायचा होता म्हणून.

एका रात्री म्हणे सगळे नटूनथटून जेवतात.
त्यासाठी डाळिंबी इरकल काढली, टोपपदराची,
सोबत सहा पिना, कारण समुद्रावरचा वारा
कुणाची सून आहे ते बघत नाही.
इरकलीच्या तिसऱ्या घडीत
वर्तमानपत्रात गुंडाळून
आणखी एक वस्तू ठेवली.
राजारामपुरीत, सातव्या गल्लीत घेतली.
दुकानातली पोरगी म्हणाली, नातीसाठी का, काकू?
मी हो म्हटलं.

घरचा काटा खोटं बोलतो असं ह्यांचं मत.
म्हणून बॅग टेम्पोत घालून यार्डात.
सीझन नाही, वखार रिकामी,
गोणपाटांच्या घड्या, कोपऱ्यात मांजर व्यालेलं.
मलगोंडानं बॅग एका हातानं काट्यावर ठेवली:
'एका रव्याएवढी बी न्हाई की वैनी!'
रवा तीस किलोचा.
काटा चोवीस सहाशेवर थांबला.
दीड किलो जास्त, ह्यांनी तिथंच झीप ओढली.

मी म्हणत होते, घरी जाऊन काढू.
पण तीन हमाल, एक मुनीम आणि मांजराची पिल्लं
यांच्यासमोर इरकलीची घडी उलगडली,
वर्तमानपत्र सुटलं,
आणि काळा पोहण्याचा पोशाख
बाहेर आला.
त्यांनी तो दोन बोटांत धरला,
नमुन्याचा गूळ धरतात तसा.

शिरोळला आमच्या मळ्यात विहीर होती.
पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून
अण्णांनी मला सातव्या वर्षी ढकललं,
नवव्या वर्षी बिंडा सुटला.
काठावरून सूर मारायची मी,
भावांच्या आधी तळाची माती वर आणायची.
बाराव्या वर्षी एका सकाळी
आईनं तो बिंडा चुलीत घातला.
त्या दिवशीची भाकरी खरपूस झाली होती,
हेही लक्षात आहे.

ह्यातलं काही मी ह्यांना कधी सांगितलं नव्हतं.
वखारीतही सांगितलं नाही.

मुनीम वहीत बघू लागला.
ह्यांनी पोशाख परत कागदात ठेवला,
घडी नीट जमली नाही,
त्यांना कुठल्याच कपड्याची जमत नाही,
आणि सौद्यातल्या आवाजात म्हणाले,
'मलगोंडा, हे कडत्यात धर. वजनात नको.'
मग दोन्ही स्वेटर काढले.
माकडटोपी काढली, परत ठेवली,
माझ्याकडं बघितलं, परत काढली.
तेवीस शंभर.
'शंभर ग्रॅमला कोण विचारतंय,' मलगोंडा म्हणाला.

तो पोशाख मी घालेन का, माहीत नाही.
गुडघे आता माझे राहिले नाहीत.

परतताना दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला थांबलो.
ह्यांनी काचेतून बाहेर बघत विचारलं,
'शिरोळची विहीर किती पुरुष होती?'
सहा, म्हटलं. कुणी सांगितलं?
'अण्णांनीच. लग्न ठरलं तेव्हा.'
सिग्नल सुटला, मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवू लागला.
टेम्पो हलल्यावर म्हणाले,
'तिकडं किती असेल?'